तीन कॅसेटी, एक सॅक्सोफोन : मेल कॉलिन्स

मंद्रसप्तक

१९८७ साली मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतो. खोलीत आम्ही तिघं आणि टेपरेकॉर्डर एक. त्यावर तीन इंग्रजी कॅसेटी अक्षरशः झिजेपर्यंत वाजल्या. रोलिंग स्टोन्सची 'सम गर्ल्स', अॅलन पार्सन्स प्रोजेक्टची 'आय इन द स्काय' आणि टीना टर्नरची 'प्रायव्हेट डान्सर'. तिन्हींचा बाज वेगळा. पहिलीत नाचायला लावणारा ठेका, दुसरीत अॅबी रोड स्टुडिओतला गुळगुळीत, धुक्यासारखा आवाज, तिसरीत टीनाचा खरखरीत गळा. पण तिन्हींत एकेका ठिकाणी सॅक्सोफोन यायचा आणि मी हातातलं काम थांबवायचो.

आपल्याकडच्या कॅसेटच्या आतल्या कागदावर गाण्यांची नावं असत, वादकांची नसत. त्यामुळे हे तीन वेगळे वादक आहेत असं मी गृहीतच धरलं होतं. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी इंटरनेटवर श्रेयनामावल्या वाचायला मिळाल्या तेव्हा कळलं की 'मिस यू', 'ओल्ड अँड वाइज' आणि 'प्रायव्हेट डान्सर' या तिन्ही गाण्यांवर एकच माणूस वाजवतोय. मेल कॉलिन्स. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मराठीत त्याच्यावर काही वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हा धागा.

जन्म ५ सप्टेंबर १९४७, आइल ऑफ मॅन. आई-वडील दोघेही संगीतातले, वडील सॅक्सोफोन वाजवत. साठच्या दशकात तो 'सर्कस' नावाच्या बँडमध्ये होता. १९७० मध्ये किंग क्रिमसन या ब्रिटिश प्रोग (म्हणजे प्रयोगशील रॉक) बँडमध्ये आला. इयन मॅक्डोनल्ड १९६९ च्या शेवटी बाहेर पडला होता आणि त्याची जागा भरणं सोपं नव्हतं, कारण बासरी, सॅक्सोफोन, मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा कीबोर्ड) सगळंच तो सांभाळायचा. कॉलिन्स 'इन द वेक ऑफ पोसायडन', 'लिझर्ड' आणि 'आयलंड्स' या तीन अल्बमांवर आहे. 'आयलंड्स' (१९७१) एका बैठकीत ऐका. एका गाण्यात तो टेनर सॅक्सोफोनवर अक्षरशः ओरडतो, आणि शेवटच्या शीर्षकगीतात बास फ्लूट इतकी हळू वाजवतो की आवाज फुंकरीचा की सुराचा ते ठरवता येत नाही.

१९७२ च्या अमेरिका दौऱ्यात बँडमध्ये दोन तट पडले. गिटारवाल्या रॉबर्ट फ्रिपला वेगळं काही हवं होतं. कॉलिन्स, बासवाला बॉझ बरेल आणि ड्रमर इयन वॉलेस या तिघांना ब्लूज आणि फंककडे जायचं होतं. त्या दौऱ्याचं 'अर्थबाउंड' साध्या कॅसेटवर ध्वनिमुद्रित झालेलं आहे, आवाज फार वाईट आहे, पण तिघं कुठे निघाले होते ते त्यात स्पष्ट ऐकू येतं. दौरा संपल्यावर तिघंही ब्लूजवाल्या अॅलेक्सिस कॉर्नरबरोबर गेले.

इथून त्याचं खरं आयुष्य सुरू होतं असं मला वाटतं. एका बँडचा माणूस राहिला नाही, सगळ्यांचा झाला. बॉझ बरेल 'बॅड कंपनी' या बँडमध्ये गेला, तर त्यांच्या १९७४ च्या पहिल्या अल्बमवर कॉलिन्स. कोकोमो या ब्रिटिश सोल बँडमध्ये कॉलिन्स. एरिक क्लॅप्टनच्या 'स्लोहँड'वर कॉलिन्स. कॅमलच्या 'रेन डान्सेस'वर (दोन्ही १९७७) कॉलिन्स. डायर स्ट्रेट्सचे जुलै १९८३ चे हॅमरस्मिथ ओडियनमधले कार्यक्रम 'अल्केमी' म्हणून निघाले, तिथे 'टू यंग लव्हर्स'मध्ये कॉलिन्स. आयर्लंडच्या लोकसंगीतातून आलेल्या क्लॅनडच्या 'माकाला'वर (१९८५) कॉलिन्स.

ही यादी पाठ करून दाखवायची म्हणून दिलेली नाही. ब्लूज, सोल, प्रोग, पॉप, आयरिश लोकसंगीत अशा प्रत्येक घरात हा माणूस गेला आणि त्या घरातलाच वाटला. कसा, हे मला समजून घ्यायचं आहे. मी स्वतः पंचेचाळिशीनंतर आल्टो सॅक्सोफोन शिकायला घेतला, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी रोज संध्याकाळचा आहे.

जुनीकॅसेट

सुंदर धागा. कॅसेटच्या कागदाचं वाचून गलबललं. मीही ते कागद उलटसुलट करून बघितले आहेत.

'बेकर स्ट्रीट'चा तो प्रसिद्ध तुकडाही यानेच वाजवलाय ना? आणि पिंक फ्लॉइडचा 'मनी'?

मंद्रसप्तक

नाही, पण हा घोळ बहुतेकांचा होतो. 'बेकर स्ट्रीट' (१९७८) राफाएल रेव्हन्सक्रॉफ्टचं. 'मनी' डिक पॅरीचं.

पण तुमच्या प्रश्नाला एक छान जोड आहे. १९८४ मध्ये पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स 'द प्रोज अँड कॉन्स ऑफ हिच हायकिंग' हा स्वतःचा नवा अल्बम घेऊन दौऱ्यावर निघाला. गिटारवर क्लॅप्टन, सॅक्सोफोनवर कॉलिन्स. कार्यक्रमात 'मनी' होतं, म्हणजे पॅरीचा तुकडा. 'द गनर्स ड्रीम' होतं, ते मूळ रेव्हन्सक्रॉफ्टने वाजवलेलं. आणि नव्या अल्बमवर सॅक्सोफोन होता डेव्हिड सॅनबॉर्नचा. तीन वादक, तिघांचे आवाज तीन प्रकारचे. पॅरी जाडसर आणि धुरकट, रेव्हन्सक्रॉफ्ट मोठा आणि उघडा, सॅनबॉर्न धारदार. ते तिन्ही एका माणसाने एका रात्रीत उभे करायचे, आणि तेही मूळ रेकॉर्ड पाठ असलेल्या श्रोत्यांपुढे.

अनाहत

लेख आवडला, पण माझं मत वेगळं आहे आणि ते मोकळेपणाने मांडतो.

मी जॅझ ऐकणारा. माझ्या दृष्टीने वादकाची कमाई म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज. रॉकमध्येही क्लॅरेन्स क्लेमन्स घ्या. आयुष्यभर स्प्रिंगस्टीनबरोबर राहिला, एकच आवाज घडवला, 'जंगललँड'मधला त्याचा सोलो दोन सुरांत ओळखू येतो. कॉलिन्सचं काय? तुम्ही स्वतःच लिहिलंत की एकाच माणसाला तुम्ही तीन माणसं समजत होतात. हे कौतुक आहे की उणीव? जो कुठल्याही घरात घरचा वाटतो, त्याचं स्वतःचं घर कुठे आहे?

मंद्रसप्तक

अनाहत, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारलाय, त्यामुळे उत्तर जरा लांब होईल.

'मिस यू'पासून सुरुवात करू. पॅरिसच्या पाथे मार्कोनी स्टुडिओत बसून स्टोन्सनी हे गाणं बांधलं. नेहमीचा सॅक्सोफोनवाला बॉबी कीज त्या काळात त्यांच्याबरोबर नव्हता. गाण्यात आधीच किती गर्दी आहे बघा. बिल वायमनचा तो फिरता बास, इयन मॅक्लेगनचा इलेक्ट्रिक पियानो, शुगर ब्लूची माऊथ ऑर्गनची तान, जी गाण्याची ओळखच आहे. आणि वर मिक जॅगर गातोय, बोलतोय, हुंकारतोय. गाण्याच्या उत्तरार्धात सॅक्सोफोन येतो तेव्हा सुराला जागा जवळजवळ उरलेलीच नाही. हौशी वादक तिथे भरपूर वाजवेल. मीही वाजवलं असतं. कॉलिन्स लहान वाक्यं टाकतो, मध्ये थांबतो, ठेका पुढे जाऊ देतो. माऊथ ऑर्गनशी भांडत नाही.

आता 'ओल्ड अँड वाइज'. 'आय इन द स्काय' (१९८२) मधलं शेवटचं गाणं, गायक कॉलिन ब्लन्स्टन. गाणं एका म्हाताऱ्या होत जाणाऱ्या माणसाचा निरोप आहे. शब्द संपतात आणि मग सॅक्सोफोन वर येतो. गाणं विरून जाईपर्यंत तोच. इथे जागा भरपूर आहे. मोठा वाद्यवृंद मागे उभा आहे आणि पुढे एकटा कॉलिन्स. इथे तो लांब वाक्यं घेतो, सूर वरच्या बाजूला ताणतो, गायकाने जे सांगितलं ते पुन्हा सांगत नाही, त्याच्या पुढचं सांगतो. गायक थांबला म्हणून गाणं संपलं असं तिथे वाटतच नाही.

दोन्हींत आवाज वेगळे आहेत, मान्य. पण आधी ऐकणं आणि मग फुंकणं, ही सवय दोन्हींत सारखीच आहे. माझ्या मते त्याचं घर तेच. क्लेमन्सबद्दल तुम्ही लिहिलंत ते अक्षर न् अक्षर खरं. मात्र क्लेमन्सला गाणी त्याच्यासाठी जागा ठेवून मिळत होती. कॉलिन्सला जागा शोधावी लागली.

इचलकरंजीकर

मी इथे फक्त वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

माझे वडील बँडमध्ये आल्टो वाजवायचे. लग्नसराईत चार-चार महिने घरी फक्त झोपायला यायचे. मंद्रसप्तक, तुम्ही 'प्रत्येक घरात गेला आणि घरचा वाटला' लिहिलंत तेव्हा मला वडीलच दिसले. सकाळी देवकाला अभंग, दुपारी मंगलाष्टकांनंतर सनईची धून सॅक्सोफोनवर, संध्याकाळी वरातीत कोळीगीतं, आणि मध्येच कुणीतरी नोट दाखवून नव्या हिंदी पिक्चरचं गाणं मागणार. ते गाणं येत नसलं तरी मुखडा ऐकून पोरं नाचायला लागेपर्यंत बसवायचं. नोटेशन नाही, काही नाही. कान.

रीड, म्हणजे माउथपीसवर बसणारी वेताची पातळ पट्टी, महाग असायची. वडील जुनी रीड काचेच्या तुकड्यावर सपाट ठेवून बारीक पॉलिश पेपरने घासायचे, उजेडात धरून बघायचे, जिभेवर ठेवायचे, परत दोन हात घासायचे. एका रीडवर अर्धा सीझन काढायचे. उन्हात मिरवणुकीत रीड वाळली की सूर चिरकतो, म्हणून दोन गाण्यांच्या मध्येसुद्धा माउथपीस तोंडातून काढायचे नाहीत.

एका मालकाने सलग दोन सीझनचे पैसे बुडवले. वडिलांनी त्याबद्दल घरी एकदाच सांगितलं. तरी त्यांना 'लग्नात वाजवणारा' म्हणून कमी लेखलेलं मला अजून लागतं. अनाहत, राग नाही, पण 'स्वतःचा आवाज' नसतो असं नाही हो. गल्लीच्या टोकाला बँड असला तरी आईला कळायचं की आज हे वाजवतायत की दुसरं कुणी.

अनाहत

इचलकरंजीकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईला गल्लीच्या टोकावरून कळायचं, याला माझ्याकडे उत्तर नाही. कुणाला कमी लेखण्याचा हेतू नव्हता, तरी तसं वाटलं असेल तर मनापासून क्षमस्व. कॉलिन्स आता नीट ऐकतो. कुठून सुरुवात करू?

मंद्रसप्तक

'स्टारलेस'. किंग क्रिमसनच्या 'रेड' (१९७४) मधलं. बँड सोडून दोन वर्षं झाली होती, तरी कॉलिन्स पाहुणा म्हणून आला. सोप्रानो सॅक्सोफोन त्याचा, आल्टो इयन मॅक्डोनल्डचा. म्हणजे ज्याच्या जागी तो आला होता तो आणि तो स्वतः, दोघंही एकाच गाण्यात. सुरुवातीच्या संथ भागात गायक जॉन वेटनच्या ओळींमागे सोप्रानो कसा फिरतो ते ऐका. जॅझच्या माणसाला ते आवडेल याची मला खात्री आहे.

मीरा_लेस्टर

'स्टारलेस' मी प्रत्यक्ष ऐकलंय! जून २०१९, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. किंग क्रिमसनची पन्नास वर्षं म्हणून तिथे सलग तीन रात्री कार्यक्रम होते, त्यातल्या एका रात्री नवऱ्याने हट्टाने नेलं होतं.

मंचावर पुढे तीन ड्रमर बसले होते, तीन! बाकी सगळे मागे उंचावर. सगळ्यात आधी सूचना की फोन काढायचे नाहीत, फोटो नाहीत. शेवटी बासवाला टोनी लेव्हिन स्वतःचा कॅमेरा काढतो तेव्हाच प्रेक्षकांनी काढायचा. त्यामुळे माझ्याकडे फोटो एकही धड नाही, पण त्या रात्रीचं जेवढं आठवतं तेवढं क्वचितच कुठल्या कार्यक्रमाचं आठवतं.

मेल कॉलिन्स तेव्हा सत्तरी ओलांडलेला. त्याच्यासमोर वाद्यांची रांग होती आणि तो एकेक उचलत होता. बासरी ठेवली की सोप्रानो, मग मोठा बॅरिटोन. मी पूर्ण वेळ त्यालाच बघत होते, कारण बाकीचं संगीत मला तेव्हा झेपत नव्हतं. 'स्टारलेस' मध्यापर्यंत आलं आणि प्रकाश हळूहळू लाल होत गेला. सगळा मंच लाल. गिटारचा एकच सूर वाढत वाढत जातो आणि मग एकदम सगळं सुटतं, तिथे सॅक्सोफोन आला. अंगावर काटा आला होता, आत्ता लिहितानाही आलाय.

त्या बँडमध्ये तो परत आला तो किती वर्षांनी, ते कुणी सांगेल का?

मंद्रसप्तक

किती भाग्यवान आहात! १९७२ ला सोडलं, नवी फळी २०१४ मध्ये मंचावर आली. बेचाळीस वर्षं. आणि 'स्टारलेस'मधले सोप्रानो-आल्टो दोन्हींचे भाग आता तो एकटा वाजवत होता. त्या फळीचा शेवटचा कार्यक्रम डिसेंबर २०२१ मध्ये टोकियोत झाला.

तुम्ही वाद्यं बदलण्याचं लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. बाहेरून वाटतं की सॅक्सोफोन आला की सगळेच आले. बोटं बरीचशी सारखी, हे खरं. पण तोंड वेगळं. सोप्रानोला ओठ घट्ट लागतात आणि सूर जरासा ढळला तरी उघडा पडतो. बॅरिटोनला पोटातून हवा ओतावी लागते. बासरीला तर रीडच नाही. दोन गाण्यांच्या मध्ये काही सेकंदांत ओठांची सगळी ठेवण बदलायची आणि पहिलाच सूर बरोबर लावायचा.

आणखी एक अडचण आहे. आपल्या पेटीच्या भाषेत सांगतो. आल्टो हे काळी दोनचं वाद्य, टेनर काळी पाचचं. म्हणजे कागदावरची पांढरी एक तुम्ही वाजवली की आल्टोतून काळी दोन ऐकू येते. आता रॉकच्या गिटारवाल्यांची आवडती पट्टी कुठली? पांढरी तीन, कारण गिटारची सगळ्यात जाड तार तिथेच मोकळी वाजते. त्या पट्टीत टेनरवाल्याला काळी तीनची बोटं धरावी लागतात, सहा तीव्र (शार्प) स्वरांची. आल्टोवाल्याला काळी एकची, सातही तीव्र. गिटारवाल्याला जे सगळ्यात सोपं, ते सॅक्सोफोनवाल्याला सगळ्यात अडचणीचं. रॉकमध्ये पन्नास वर्षं वाजवणं म्हणजे पन्नास वर्षं या अवघड बोटांत राहून सहज वाटणं. मी पांढरी तीनला अजून अडखळतो.

रानवारा

धागा वाचतेय, मस्त चाललाय. मला मनोहारी सिंग आठवले. कोलकात्याहून मुंबईत आले आणि मग हिंदी गाण्यातला सॅक्सोफोन म्हणजे तेच झाले. 'गाता रहे मेरा दिल', 'रूप तेरा मस्ताना', 'है दुनिया उसीकी'. तिन्हींत सॅक्सोफोनचा स्वभाव किती वेगळा! ओ. पी. नय्यर, एस. डी., आर. डी. सगळ्यांकडे वाजवलं. पुढे बासू चक्रवर्तींबरोबर आर. डीं.चे अरेंजर, आणि त्या चमूत आपले तालवादक मारुतीराव कीर. आमच्या घरी 'रूप तेरा मस्ताना' हजारदा वाजलं असेल, सॅक्सोफोन कुणाचा हे कुणालाही माहीत नव्हतं. २०१० मध्ये ते गेले तेव्हा पेपरात वाचून कळलं.

तुमच्या कॅसेटच्या कागदाची गोष्ट आणि ही एकच.

एक विचारायचं होतं. असा तुकडा गाजला तर वादकाला काही मिळतं का? की फक्त त्या दिवसाची मजुरी?

मंद्रसप्तक

रानवारा, अगदी मनातलं लिहिलंत. मनोहारीदांवर स्वतंत्र धागा व्हायला हवा, तो तुम्ही काढा.

पैशांचं असं की गाण्याच्या मालकीत वादकाचा वाटा नसतो. गाणं लिहिणाऱ्याचं आणि बांधणाऱ्याचं. सोलो स्टुडिओत उभ्या उभ्या सुचलेला असला तरी तो 'वादन' धरला जातो. ठरलेली फी घ्यायची आणि निघायचं. 'बेकर स्ट्रीट'साठी रेव्हन्सक्रॉफ्टला २७ पौंडांचा चेक मिळाला आणि तोही वटला नाही, अशी गोष्ट सांगितली जाते. ब्रिटनमध्ये १९९६ साली नियम बदलले. रेकॉर्डवर वाजवणाऱ्या प्रत्येकाला, ती रेकॉर्ड रेडिओवर किंवा दुकानात वाजली की मोबदल्यातला वाटा मिळण्याचा हक्क आला. तोपर्यंत 'मिस यू' अठरा वर्षं जगभर वाजून झालं होतं.

म्हणून श्रेयनामावलीत नाव नीट येणं याला मी इतका मान देतो. टियर्स फॉर फिअर्सच्या 'द वर्किंग अवर'वर (१९८५) सॅक्सोफोनसाठी कॉलिन्स आणि विल ग्रेगरी अशी दोघांची नावं आहेत. सगळं कॉलिन्सच्या नावावर टाकणारे चाहते मी पाहिलेत. तसं करू नये. ग्रेगरीचाही तो हक्क आहे.

अनाहत

'स्टारलेस' ऐकलं. रात्री दोनदा, सकाळी एकदा. सोप्रानो पहिल्यांदा येतो तिथे तो जवळजवळ गायकाच्या आवाजात येतो, मला आधी वाद्य आलंय हे कळलंच नाही. माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण कॉलिन्सच्या बाबतीत तो लागू नाही.

इचलकरंजीकर

काल वडिलांना 'ओल्ड अँड वाइज' ऐकवलं. वय ७८, ऐकू जरा कमी येतं, म्हणून हेडफोन लावून दिला. इंग्रजी शब्द त्यांना कळत नाहीत. गाणं चालू असताना काही बोलले नाहीत. सॅक्सोफोन आला तसा उजवा हात मांडीवर आला आणि बोटं हलायला लागली. सात-आठ वर्षांत त्यांनी वाद्य हातात धरलेलं नाही.

संपल्यावर म्हणाले, परत लाव. दुसऱ्यांदा ऐकून म्हणाले, "याचा दम बघ. वाक्य संपल्यावर घेत नाही, सूर खाली सोडतानाच घेतो. म्हणून तुटत नाही." मला त्यातलं काही कळलं नाही. मंद्रसप्तक, तुम्ही वाजवता म्हणून विचारतो, बरोबर आहे का?

मंद्रसप्तक

इचलकरंजीकर, मी आठ महिने हा तुकडा बसवतोय आणि दरवेळी एकाच जागी तुटतो. आज तुमच्या वडिलांनी सांगितलं तसं डोळे मिटून ऐकलं, मग आल्टो घेऊन सूर उतरताना दम घेऊन पाहिला. तिसऱ्या प्रयत्नाला वाक्य पुढच्या वाक्यात गेलं.

त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि ते कुठल्या नंबरची रीड वापरायचे तेवढं विचाराल का?

इचलकरंजीकर

अडीच. पण म्हणतात, विकतची तशीच लावू नका, घासून घ्या.